दूध संकलनाची नोंदवही एआयकडून करून घेताना: आधी वर्णनाची फाइल, मग कोड

खानापूर किंवा निपाणीकडच्या एखाद्या गावातल्या दूध संस्थेसाठी छोटे सॉफ्टवेअर हवे असेल, तर चॅटजीपीटी, क्लॉड किंवा जेमिनीला ‘डेअरीचा प्रोग्राम बनव’ एवढे सांगूनही काहीतरी चालणारे मिळते. अडचण दुसऱ्या आठवड्यात येते. दर बदलला, कन्नड पावती हवी झाली, म्हणून नवी सूचना दिली की आधी बरोबर चालणारा हिशेब बिघडतो. संस्थेचे नियम गप्पांत विखुरलेले असतात आणि एआय दर वेळी ते नव्याने अंदाजाने भरतो.

म्हणून नियम एका फाइलमध्ये ठेवायचे. ही फाइल ‘काय हवे’ ते सांगते, ‘कसे करायचे’ ते सांगत नाही. वेबपानाची एचटीएमएल अशीच आहे: इथे शीर्षक, इथे तक्ता, एवढेच तिच्यात असते आणि रंगवायचे काम ब्राउझर करतो. आपल्या कामाला यॅमल (YAML, साध्या ओळींत माहिती लिहिण्याची पद्धत) सोयीची, कारण ती संस्थेच्या सचिवालाही वाचता येते.

पायरी १: वर्णन लिहा

साध्या नोटपॅडमध्ये लिहा आणि यूटीएफ-८ या, मराठी अक्षरे नीट जपणाऱ्या प्रकारात सेव्ह करा. आतल्या ओळी दोन स्पेसने सरकवा. टॅब वापरला तर प्रोग्रामला फाइल वाचताच येणार नाही.

```
फील्ड:
  - नाव: सभासद_क्रमांक
    प्रकार: मजकूर
  - नाव: वेळ
    पर्याय: [सकाळ, संध्याकाळ]
  - नाव: जनावर
    पर्याय: [गाय, म्हैस]
  - नाव: लिटर
    किमान: "0.1"
    कमाल: "60"
  - नाव: फॅट
    किमान: "2.0"
    कमाल: "12.0"
  - नाव: एसएनएफ
    किमान: "7.0"
    कमाल: "10.5"
दर:
  गाय:
    मूळ_फॅट: "3.5"
    मूळ_एसएनएफ: "8.5"
    मूळ_दर: "35.00"
    फॅट_टप्पा: "0.30"
    एसएनएफ_टप्पा: "0.30"
```

एसएनएफ म्हणजे दुधातले फॅट सोडून उरलेले घन पदार्थ. टप्पा म्हणजे फॅट किंवा एसएनएफ ०.१ पॉइंट वर-खाली झाल्यावर लिटरमागे वाढणारे किंवा कापले जाणारे रुपये. ३५ रुपये आणि ३० पैसे हे आकडे नमुन्याचे आहेत, तिथे तुमच्या संघाचे दरपत्रक भरा. म्हशीचा भाग असाच वेगळा लिहा. संघाच्या दरपत्रकात टप्प्यांऐवजी फॅट-एसएनएफचा पूर्ण तक्ता असेल तर तो तक्ताच फाइलमध्ये घाला. त्यातून सूत्र काढायला एआयला सांगू नका.

फाइलमधले अंक 0 ते 9 असेच टाका. अवतरणाशिवाय ३.५ असे देवनागरीत लिहिले तर यॅमल त्याला संख्या न समजता मजकूर समजते.

पायरी २: अवतरणचिन्हांचा कंटाळा करू नका

सर्वांत जास्त चुका इथे होतात. सभासद क्रमांक 010 अवतरणाशिवाय लिहिला, तर पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेतली यॅमल वाचणारी लायब्ररी (तयार कोडसंच) पायवायएएमएल तो जुन्या नियमाने अष्टमान (आठच्या पायावरच्या) पद्धतीत वाचते आणि हाती 8 येतो. दहा नंबरच्या माणसाचे दूध आठ नंबरच्या नावावर जाते. संध्याकाळची वेळ 6:30 अशी लिहिली तर तीच लायब्ररी सहा तास तीस मिनिटांचे गणित करून 390 देते. बेळगावचा एसटीडी कोड 0831 लिहिला तर यॅमलच्या नव्या आवृत्तीप्रमाणे चालणाऱ्या लायब्ररीत सुरुवातीचे शून्य गळते. ज्याची बेरीज-वजाबाकी करायची नाही, ते सगळे अवतरणात. वरच्या फाइलमधले लिटर, फॅट आणि दराचे आकडेही अवतरणात आहेत, ते पायरी ४ मधल्या डेसिमल हिशेबासाठी.

मराठी नावांची एक वेगळी अडचण आहे. ‘शेतकऱ्याचे_नाव’ मधला ऱ्य दोन प्रकारे टाइप होतो. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, संगणकाला मात्र ते वेगळे शब्द वाटतात आणि ‘हे फील्ड सापडत नाही’ असा निरोप येतो. फील्डच्या नावात ‘सभासद_नाव’ असा साधा शब्द घ्या आणि ऱ्य टाळा.

पायरी ३: तपासणीची उदाहरणे त्याच फाइलमध्ये

हातावर हिशेब करून उत्तरे लिहा. एआयला उत्तरे काढायला लावली, तर तो आपल्याच चुकीशी जुळणारी उत्तरे देऊ शकतो.

```
तपासणी:
  - {जनावर: गाय, लिटर: "12.5", फॅट: "3.8", एसएनएफ: "8.5", रक्कम: "448.75"}
  - {जनावर: गाय, लिटर: "12.5", फॅट: "3.5", एसएनएफ: "8.4", रक्कम: "433.75"}
```

पहिल्या ओळीत फॅट तीन टप्पे वर, म्हणून दर ३५.९० आणि रक्कम ४४८.७५. संगणक दशांश आकडे नेहमी ज्या ‘फ्लोट’ पद्धतीने साठवतो, तिच्यात ३.८ उणे ३.५ हे नेमके ०.३ येत नाही, ०.२९९९… येते. एआयने टप्पे मोजताना अपूर्णांक छाटून टाकला असेल तर तीनऐवजी दोनच टप्पे धरले जातात आणि उत्पादकाला ४४५ रुपये मिळतात. एका वेळच्या दुधामागे पावणेचार रुपये कमी.

दोन्ही ओळींत एकेकच आकडा बदलला आहे, तो मुद्दाम. फॅट ३.८ आणि एसएनएफ ८.४ असे एकत्र तपासले तर छाटण्याची चूक दोन्हीकडे होते. फॅटची ३० पैशांची वाढ बुडते, एसएनएफची ३० पैशांची कपातही बुडते आणि दर बरोबर ३५.६० दिसतो. चूक झाकली जाते.

पायरी ४: एआयला सूचना

पूर्ण फाइल चिकटवा आणि खाली लिहा: ‘ही फाइल वाचून चालणारा पायथॉन प्रोग्राम लिही. दर आणि मर्यादा कोडमध्ये लिहू नकोस, फाइलमधूनच घे. सर्व आकडे डेसिमल प्रकारात घे, फ्लोट वापरू नकोस. फाइल वाचायला सेफ लोड वापर. प्रत्येक तपासणी चालवून अपेक्षित आणि आलेली रक्कम दाखव. फाइलमध्ये नसलेले फील्ड घालू नकोस, शंका असेल तर आधी विचार.’

डेसिमल म्हणजे दशांश आकड्यांचा नेमका हिशेब, आणि सेफ लोड म्हणजे फाइल फक्त माहिती म्हणून वाचणे. सूचनेतले शेवटचे वाक्य गाळू नका. नाहीतर कुणी न मागितलेली ‘कमिशन’ किंवा ‘जीएसटी’ची ओळ पावतीत येऊ शकते. सभासदांची खरी नावे, मोबाइल किंवा बँक खाते यांतले काहीही चिकटवू नका. नमुन्याला ‘सभासद १’ पुरेसे आहे.

पायरी ५: मराठी आणि कन्नड पावती

सीमाभागात एकाच रांगेत दोन्ही लिपी वाचणारे लोक असतात. प्रत्येक फील्डखाली ‘मराठी’ आणि ‘कन्नड’ अशी दोन लेबले द्या. दुधाला ‘हालु’, म्हशीला ‘एम्मे’, गाईला ‘हसु’ हे शब्द कन्नड लिपीत, गावातल्या कन्नड वाचणाऱ्याकडून तपासून घ्या. एआयचा कन्नड अनुवाद कधी कधी पुस्तकी होतो, पावतीवर बोलण्यातला शब्द हवा. पावती एचटीएमएलमध्ये असेल तर प्रत्येक भागाचा भाषा-गुणधर्म (lang, म्हणजे मजकूर कोणत्या भाषेत आहे याची खूण) वेगळा भरायला सांगा: मराठीला ‘एमआर’, कन्नडला ‘केएन’, दोन्ही इंग्रजी लहान अक्षरांत. मराठीला चुकून हिंदीची खूण लागली तर काही फॉन्ट ल आणि श हिंदी वळणाचे दाखवतात.

पायरी ६: बदल करताना

दर बदलला तर यॅमल फाइल बदला, कोडला हात लावू नका. नवे फील्ड हवे असेल तर ते आधी फाइलमध्ये, मग तपासणीची नवी ओळ, मग एआयकडे. जुन्या फाइलची प्रत तारीख घालून ठेवा, कारण मागच्या बिलाबद्दल विचारणा झाली की त्या दिवसाचे दर लागतात.

सुरुवातीला एक पूर्ण बिल होईपर्यंत, दहा दिवसांचे बिल असेल तर दहाही दिवस, कागदी वही आणि प्रोग्राम सोबत चालवा. रोज संध्याकाळी दोन्हींकडची एकूण लिटर आणि एकूण रक्कम जुळवा. फरक पडला तर त्या दिवसाची चुकलेली नोंद तपासणीच्या यादीत घाला आणि मगच दुरुस्तीला द्या.