लोअरिंग स्प्रिंग घरी बसवताना

माझ्या स्पोर्ट्स कारला ३० मिमी खाली आणणाऱ्या स्प्रिंग घरीच बसवल्या. काम दमवणारं आहे, पण समजून केलं तर जमतं. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालू नका, जॅक स्टँड हवेतच.

सगळ्यात जपायची जागा म्हणजे स्ट्रटचा, म्हणजे स्प्रिंग आणि शॉक अॅब्सॉर्बर एकत्र असलेल्या भागाचा, वरचा नट. स्प्रिंग कंप्रेसरने (स्प्रिंग दाबून धरणारं हत्यार) दाबून स्प्रिंग सीटवर सैल होत नाही तोवर तो सोडायचा नाही. दाबलेल्या स्प्रिंगमध्ये जीव घेण्याइतका जोर असतो, इथे घाई नकोच. कंप्रेसरचे दोन्ही हुक समोरासमोर लावून आळीपाळीने थोडे थोडे आवळले. नवी स्प्रिंग आखूड, त्यामुळे ती फारशी दाबावी लागली नाही. तिचं टोक खालच्या सीटच्या खाचेत नीट टेकवलं. बम्प स्टॉप (सस्पेन्शन पूर्ण दबल्यावर धक्का झेलणारा मऊ तुकडा) स्प्रिंग किटच्या माहितीपत्रकात सांगितला तेवढाच कापला.

आता खरी महत्त्वाची गोष्ट. कंट्रोल आर्मच्या (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा दांडा) बुशचे, म्हणजे सांध्यातल्या रबराचे, बोल्ट गाडी हवेत असताना पक्के आवळू नका. रबर त्याच स्थितीत पकडलं जातं, गाडी खाली टेकली की सतत पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. मी चाकं रॅम्पवर घेतली, पूर्ण वजन टेकू दिलं, मगच टॉर्क रेंचने (किती जोराने आवळलं ते मोजणारा पाना) मॅन्युअलमधल्या आकड्यापर्यंत आवळलं.

उंची बदलली की कॅम्बर (चाकाचा उभा कल) आणि टो (चाकं पुढून किती आत किंवा बाहेर वळलेली आहेत ते) दोन्ही बदलतात. म्हणून थोडी चालवून, स्प्रिंग जागेवर स्थिरावल्यावर अलाइनमेंट करून, म्हणजे चाकांचे हे कोन जुळवून घेतले. टो बिघडलेला राहिला तर टायर झपाट्याने झिजतात. हेडलाइटचा झोतही पुन्हा जुळवला.