दुकानाचा फोटो समोरच्याच्या अल्बममध्ये: शोधाला निघण्याआधीची तयारी

घरच्या जुन्या दुकानाचे फोटो शोधायला बसलेला माणूस आधी घरातलंच कपाट उघडतो आणि अर्ध्या तासात हिरमुसतो. सहली आहेत, शाळेचे ग्रुप फोटो आहेत, कुणाची तरी पहिली सायकल आहे. दुकान नाही. यात नवल काही नाही. गल्ल्यावर बसलेल्याच्या डोळ्यांसमोर रस्ता असतो. दुकान दिसतं ते समोरच्याला. त्यामुळे सगळी तयारी एकच गोष्ट धरून करायची: आपलं दुकान बहुधा दुसऱ्या कुणाच्या तरी फोटोच्या कोपऱ्यात आहे, आणि ते कोपऱ्यातलं दुकान आपल्याला ओळखता आलं पाहिजे.

म्हणून अल्बम बाजूला ठेवा आणि आधी एक वही घ्या. पाटीवर कोणत्या काळात काय लिहिलेलं होतं, अक्षरं रंगवलेली होती की कापून लावलेली, फळ्यांची दारं जाऊन शटर कधी आलं, पायऱ्या किती आणि कोणत्या हाताला, दुकानाचं तोंड कोणत्या दिशेला, हे सगळं लिहून काढा. डावीकडे कोण, उजवीकडे कोण, समोर कोण आणि ते कधी बदलले, हेही. लोक दुकानाला पाटीवरच्या नावाने हाक मारत होते की आजोबांच्या नावाने, ते टिपा. रस्त्याचं जुनं नाव आणि इमारतीचा जुना क्रमांक तर हवाच, कारण संग्रहातल्या नोंदी जुन्या नावाखालीच सापडतात. वरच्या मजल्यासाठी एक पान वेगळं ठेवा. तळमजल्याचं रूप दर पिढीला पालटतं. वरच्या खिडक्या किती, कमान कशी, कठडा कसा, छपराचा उतार कुठे, हे मात्र सहसा तसंच राहतं. पाटी ओळखू न येणाऱ्या धुरकट फोटोत खिडक्या मोजूनच दुकान पकडावं लागतं.

वहीतल्या तारखा दोन शायांनी लिहा. परवाना, भाडेकरार, वीजजोडणीचे कागद, जुनी पावतीपुस्तकं यांतून आलेली तारीख एका शाईने आणि आठवणीतून आलेली दुसऱ्या. घरातल्या मोठ्यांचा मान राखूनही हे करता येतं. जुन्या बिलाच्या डोक्यावर दुकानाचं छापील चित्र असेल तर तेही जपा, पण त्यावर फार भिस्त नको. चित्रकाराने मालकाला खूश करायला इमारत थोडी उंच केलेली असते.

आता कपाट. पण या खेपेला माणसांकडे बघायचंच नाही, त्यांच्या मागे बघायचं. भिंग घेऊन प्रत्येक फोटोची पार्श्वभूमी तपासा: खांद्यामागे दिसणारी पाटीची दोन अक्षरं, दाराची चौकट, पायरीची कड. काचेची शोकेस दिसली तर थांबा. काचेत समोरची रांग उमटलेली असते, आणि समोरच्या दुकानाच्या काचेत उमटलेलं दुकान आपलं असू शकतं, अर्थात उलटं. अल्बममधून फोटो उपटण्याआधी पूर्ण पानाचा फोटो घ्या, कारण शेजारी काय लावलंय यावरूनही काळ कळतो. चिकट पानांच्या अल्बममधला फोटो नखाने ओढलात तर फाटेल. दात साफ करायचा धागा मागून हळू सरकवला तर पुष्कळदा सुटतो. तरीही सुटत नसेल तर तसाच राहू द्या, पानासकट स्कॅन होतो. निगेटिव्हच्या डब्याला व्हिनेगरसारखा वास आला तर ती ॲसिटेटची फिल्म कुजायला लागली आहे. ती इतर फिल्मपासून वेगळी करा आणि तिचं स्कॅनिंग आधी उरका. त्याहून जुनी नायट्रेटची फिल्म पटकन पेट घेते. कोडॅकने ती बनवणं १९५१ मध्ये थांबवलं. तशी शंका आली तर घरी प्रयोग न करता जाणकाराला दाखवा.

मग माणसांची यादी. ती जवळच्या नात्याने न लावता वयाने लावा; सगळ्यात थकलेली व्यक्ती पहिली. नातेवाइकांच्याही आधी समोरच्या आणि शेजारच्या दुकानदारांची घरं, मग जुने नोकर आणि त्यांची मुलं. नोकरीचा पहिला दिवस, नवी गाडी, पाहुणा आलेला, अशा वेळी दुकानापुढे उभं राहून फोटो काढणारी हीच माणसं. जे घरमालक वर राहत होते त्यांच्या गॅलरीतून रस्ता दिसत असे, त्यांना विसरू नका.

काय विचारायचं तेही आधी ठरवून जा. ‘आमच्या दुकानाचे फोटो आहेत का हो?’ असं विचारलंत की उत्तर ‘नाही बुवा’ असंच येणार, आणि ते खोटं नसतं. त्याऐवजी ‘काका, तुम्ही स्कूटर घेतलीत तेव्हा कुठे उभं राहून फोटो काढला होता?’, ‘रस्त्यात पाणी भरलं होतं तेव्हा कुणाकडे कॅमेरा होता?’, ‘इथून मिरवणूक गेली तेव्हा गॅलरीत कोण होतं?’ असं प्रसंगाला धरून विचारा. सोबत आधी सापडलेला एखादा फोटो मोठा छापून न्या. रिकाम्या हाताने गेलेल्याला गप्पा मिळतात, फोटो घेऊन गेलेल्याला अल्बम मिळतो. बोलणं फोनवर रेकॉर्ड करायचं तर आधी विचारा.

पिशवीत फार काही लागत नाही: चार्ज केलेला फोन, भिंग, मऊ ब्रश, मऊ शिशाची पेन्सिल, मोजपट्टी, कोरे लिफाफे आणि फोटोखाली ठेवायला एक काळा जाड कागद. छापील फोटो कोरड्या स्वच्छ हातांनी कडेला धरावा. निगेटिव्हसाठी हातमोजे बरे. मूळ फोटो शक्यतो उसना आणूच नका. हरवला तर फोटो जातोच, शिवाय जुने संबंधही. तिथेच खिडकीजवळच्या सावलीत, फ्लॅश बंद करून, फोन फोटोला समांतर धरून टिपा. मागची बाजू टिपायलाच हवी. स्टुडिओचा शिक्का आणि पेन्सिलीतला आकडा तिथेच असतो. कुणी व्हॉट्सॲपवर पाठवतो म्हणाले तर ‘डॉक्युमेंट म्हणून पाठवा’ असं सांगा, नाहीतर बारकावे चेपून निघून जातात आणि हवी असलेली पाटीच नेमकी वाचता येत नाही.

तो मागचा शिक्का म्हणजे पुढचं दार. स्टुडिओ बंद पडला असला तरी निगेटिव्ह आणि नोंदवही कुणाच्या तरी माळ्यावर असू शकते. पेन्सिलीतला आकडा नोंदवहीतला असेल तर त्याच्या आगेमागे त्याच दिवशी काढलेले आणखी फोटो निघू शकतात. वर्तमानपत्रांच्या संग्रहात दुकानाच्या नावाने शोधण्यात वेळ जातो. आग, पूर, पाहुण्यांची भेट, रस्ता रुंद करण्याचं काम अशा घटनांनी शोधा. ज्या कंपन्यांचा माल दुकानात विकला जायचा त्यांच्याकडे विक्रेत्यांचे आणि सजवलेल्या शोकेसचे फोटो असत, तिथेही पत्र टाकून ठेवा. विमा आणि बँकेच्या कर्जाच्या फायली तपासणीच्या फोटोंसाठी चांगल्या.

सरकारी दप्तर मात्र लोक उगाच वगळतात. न्यूयॉर्कमध्ये १९३९ ते १९४१ या काळात कर आकारणीसाठी शहरातल्या जवळपास प्रत्येक इमारतीचा फोटो काढला गेला. ते सात लाखांहून जास्त फोटो आज तिथल्या महापालिकेच्या अभिलेखागारात आहेत, आणि कितीतरी कुटुंबांना आपलं दुकान तिथे सापडतं. काढणाऱ्याला दुकानाशी काही देणंघेणं नव्हतं, त्याला कर हवा होता. पॅरिसच्या दुकानांची दर्शनं टिपणारा युजीन ॲजे हासुद्धा ते फोटो चित्रकारांना आणि संग्रहालयांना संदर्भ म्हणून विकायचा. म्हणून आपल्या गावच्या मालमत्ता कर, नगररचना आणि रस्तेबांधणीच्या कागदांत फोटो आहेत का, हे एकदा विचारून घ्या. जुनी चित्र-पोस्टकार्डं विकणाऱ्यांकडे बाजारपेठेच्या रस्त्याची कार्डं बघा. कार्डाच्या मागे मजकूर आणि पत्ता एकाच बाजूला, मधे रेघ, असं असेल तर ते ब्रिटनमध्ये १९०२ आणि अमेरिकेत १९०७ नंतरचं.

काळ ठरवताना घाई नको. १२६ फिल्मचे, चौरस फोटो देणारे इन्स्टामॅटिक कॅमेरे १९६३ मध्ये आले, तेव्हा चौरस रंगीत फोटो त्यानंतरचा असण्याची शक्यता मोठी. प्लास्टिकचा थर असलेला गुळगुळीत कागद १९७० च्या आसपास रूढ झाला. पण कागदावरून छापल्याचा काळ कळतो, काढल्याचा नाही. आजीने जुन्या निगेटिव्हवरून पुन्हा छापून घेतलेला फोटो सगळा हिशेब चुकवतो. कडेवर छापलेला महिना आणि वर्षही धुलाईचं, आणि रोल कॅमेऱ्यात वर्षभर पडून राहिलेला असू शकतो. त्यापेक्षा फोटोतल्या वस्तूंना विचारा. पाटीवर पोस्टाचा पिन कोड असेल तर भारतात तो १९७२ च्या आधीचा नाही. टेलिफोन नंबरातले आकडे मोजा, भिंतीवरचं सिनेमाचं पोस्टर बघा, गाडीचं मॉडेल बघा. सगळ्यात नवी वस्तू ठरवते की फोटो तिच्या आधीचा असू शकत नाही. जुन्या वस्तूवरून काहीच ठरत नाही, कारण दुकानात जुन्या वस्तू असतातच.

पाटी उलटी वाचली जात असेल तर निगेटिव्ह पालथी स्कॅन झाली आहे. दुकानाचं तोंड माहीत असल्यामुळे सावलीवरून सकाळ की संध्याकाळ तेही सांगता येतं. अगदी जुन्या फोटोत रस्ता ओस दिसला म्हणून धंदा नव्हता असं समजू नका. तेव्हा फोटो उमटायला मिनिटंच्या मिनिटं लागत. फोटोग्राफीच्या आद्य संशोधकांपैकी एक असलेल्या दागेरने १८३८ मध्ये पॅरिसच्या एका गजबजलेल्या रस्त्याचा फोटो काढला, त्यात हलणारी सगळी वर्दळ पुसली गेली आणि बूट पॉलिश करून घेत थांबलेला एक माणूस तेवढा उमटला.

स्कॅनिंगचं थोडक्यात: छापील फोटो निदान ६०० डीपीआयला (म्हणजे इंचाला ६०० ठिपके), पाकिटाएवढे लहान १२०० ला, ३५ मिमी निगेटिव्ह २४०० च्या वर. एक प्रत टिफमध्ये (बारकावे न चेपणारा फाइलचा प्रकार), तिला हात लावायचा नाही. उजळणं, डाग काढणं दुसऱ्या प्रतीवर. फाइलच्या नावात अंदाजे वर्ष, दिशा आणि कुणाकडून मिळाला ते लिहा. कॉम्प्युटर दाखवतो ती तारीख स्कॅनची असते. फोटोच्या मागे बॉलपेनने काही लिहू नका, पुढे ठसा उठतो. पेन्सिल, तीही कडेला. आणि प्रिंट आपल्या हातात आली म्हणजे हक्क आपला झाला असं नाही. कुठे छापायचा तर काढणाऱ्याचं किंवा त्याच्या वारसांचं काय म्हणणं आहे ते बघा, आणि ज्याने दिला त्याचं नाव लिहिलेलं चालेल का हे त्यालाच विचारा.

ओळख न पटलेले फोटो एका वेगळ्या लिफाफ्यात राहू द्या. शेजारच्या दुकानाची जुनी पाटी कुणीतरी सहा महिन्यांनी आठवेल आणि त्यातले दोन सुटतील.

शेवटचं काम शोध सुरू करण्याच्या दिवशीच करून टाका. समोरच्या पायरीवर उभं राहून दुकानाचा आजचा फोटो काढा, दोन्ही शेजाऱ्यांच्या पाट्या आणि वरच्या खिडक्या चौकटीत येतील असा. मागे पेन्सिलीने तारीख घाला, दोन प्रती छापा, आणि एक समोरच्या दुकानदाराला देऊन या.