लिलीवरची काळी अळी आणि कंदाची काळजी

पावसाळ्यात स्पायडर लिली, रेन लिली, अमॅरिलिस यांच्या पानांवर काळी, पांढऱ्या-केशरी ठिपक्यांची अळी दिसली की लगेच कामाला लागा, कारण ही लिली मॉथ या पतंगाची अळी असते आणि झुंडीने येते, आधी पान खरवडते, मग अख्खं पान फस्त करून खाली कंदापर्यंत पोचते. म्हणून रोज पानं उलटून बघायचीच, अंड्यांचा पुंजका दिसला तर तेवढा पानाचा तुकडा कापून टाका, हा सगळ्यात स्वस्त उपाय! अळ्या मोठ्या झाल्या असतील तर हातमोजे घालून वेचा आणि साबणाच्या पाण्यात टाका, मोठ्या अळीवर निमतेल फारसं चालत नाही. बारीक असतील तर लिटरभर पाण्यात 5 मिली निमतेल, थोडं लिक्विड सोप, संध्याकाळी पानाच्या खालून पण फवारा, आठवड्याने परत. अळी मातीत जाऊन कोष करते त्यामुळे वरची माती हलकेच उकरून बघा नाहीतर पुढची पिढी तयारच. आणि पानं सगळी गेली तरी कंद उपटून फेकू नका प्लीज, दाबून बघा, घट्ट असेल तर परत फुटतो. अमॅरिलिसच्या कंदाची मान मातीच्या वर ठेवा, कुंडीत पाणी साचू देऊ नका.