लांबलचक डच जोडशब्दाचे अवयव कसे पाडावेत

जळगाव-धुळ्याकडचा माणूस 'भरीतपार्टी' हा शब्द 'भरीत' आणि 'पार्टी' असाच तोडतो. डच जोडशब्दातही प्रथम घटकशब्दांमधला सांधा शोधावा आणि त्यानंतरच प्रत्येक घटकाचे अवयव पाडावेत. केळीची साल म्हणजे 'बानानेनस्खिल'. त्याचे अवयव बा-ना-नेन-स्खिल. दोन घटकांना जोडणारा 'स' नेहमी आधीच्या घटकाकडे राहतो, म्हणून गावचौक 'डॉर्प्स-प्लाइन' होतो, 'डॉर्प-स्प्लाइन' कधीच नाही. खरी कसोटी लागते ती 'क्वार्टस्लाखेन' या शब्दापाशी, कारण तो 'क्वार्ट-स्लाखेन' असा तोडल्यास पाव फेऱ्या आणि 'क्वार्ट्स-लाखेन' असा तोडल्यास क्वार्ट्झ खनिजाचे थर असा अर्थ निघतो. अशा वेळी केवळ अक्षरांवर विसंबू नये, संपूर्ण वाक्य वाचावे.