ओव्हरक्लॉकिंगसाठी स्वस्तातला प्रोसेसर घेताय? आधी बोर्ड बघा

सांगलीत काय नि साताऱ्यात काय, दुकानात गेलं की पोरं आधी गिगाहर्ट्झ विचारतात, पण ओव्हरक्लॉक करायचं असेल, म्हणजे प्रोसेसर कंपनीनं ठरवलेल्या वेगापेक्षा जास्त पळवायचा असेल, तर पहिला प्रश्न हा की प्रोसेसर अनलॉक आहे का, म्हणजे त्याचा वेग आपल्याला बदलता येतो का, आणि मदरबोर्ड ते करू देतो का. इंटेलमध्ये नावाच्या शेवटी के पाहिजे, म्हणजे १२६००के सारखा, आणि वर झेड ६९० नायतर झेड ७९० बोर्ड, आणि तिथंच बजेट कोलमडतं. बी ६६० आणि बी ७६० बोर्डवर रॅमचा वेग वाढवता येतो, के प्रोसेसरचा मल्टिप्लायर, म्हणजे त्याचा वेग ठरवणारा गुणक, नाही.

म्हणून कमी पैशात मी तरी एएमडीच सुचवीन. रायझन ५ ५६०० अनलॉक आहे, सोबत कूलर येतो आणि बी ४५० किंवा बी ५५० बोर्डवर चालतो, फक्त बी ४५० जुना असेल तर बायॉस (बोर्डचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट आहे का ते दुकानदाराला आधीच विचारा. ए ३२० आणि ए ५२० बोर्ड स्वस्त दिसतात पण त्यावर प्रोसेसर ओव्हरक्लॉक होत नाही, तेवढे हजार-पाचशे वाचवू नका खरंच.

आणि आपल्याकडं एप्रिल-मेत पारा चाळिशीला टेकतो, खोलीच तापलेली असते, तेव्हा बॉक्समधल्या छोट्या कूलरवर व्होल्टेज वाढवायचं नाही, आधी टॉवर कूलर घ्या. डिसेंबरात स्टेबल वाटलेलं सेटिंग मेमध्ये परत सिनेबेंच (प्रोसेसरवर पूर्ण ताण देणारं चाचणीचं सॉफ्टवेअर) लावून तपासा, प्रोसेसरचं टेंपरेचर ८५ अंश सेल्सिअसच्या वर जायला लागलं की व्होल्टेज आणि क्लॉक दोन्ही थोडं खाली घ्या.