न्यूयॉर्कमध्ये मजुरी बुडाली तर कुठलं दार ठोठवायचं

नव्याने आलेली आपली मंडळी बँक खातं, सोशल सिक्युरिटी नंबर, भाड्याची खोली हे सगळं चटकन शिकतात. मजुरीचा हिशोब मात्र कुणी शिकवत नाही. काम ओळखीने लागलेलं असतं, कधी मालकही देशाकडचाच, मग विचारायला जीभ रेटत नाही.

शहरात किमान वेतन 1 जानेवारी 2026 पासून तासाला 17 डॉलर आहे. हॉटेलात टिप मिळणाऱ्यांचं गणित निराळं. त्याहून कमी हातात पडत असेल, ओव्हरटाइम बुडत असेल, तर राज्याच्या कामगार खात्याकडे जा. सहा वर्षांपर्यंतची थकबाकी मागता येते. पगारी आजारपणाची रजा नाकारली, तर 311, म्हणजे शहराची हेल्पलाइन, फिरवा.

आपल्या लोकांना सहसा ठाऊक नसलेलं दार म्हणजे सिटी कॉम्प्ट्रोलर. शहराच्या खर्चाचं ऑडिट करणारा अधिकारी, म्हणजे कॅगसारखाच. पण कॅग नेमलेला असतो आणि हा मतदारांनी थेट निवडलेला, त्यामुळे महापौराचं मिंधेपण नाही. सध्या मार्क लेव्हिन आहेत. पेन्शन फंड, कंत्राटांची नोंदणी अशी बरीच कामं तिथे चालतात. तुमच्या-आमच्या उपयोगाचा आहे तो मजुरी तपासणारा विभाग.

शहराच्या पैशाने शाळा दुरुस्त होत असेल, तर तिथल्या सुताराला, रंगाऱ्याला, इलेक्ट्रिशियनला 17 डॉलरवर राबवता येत नाही. त्या-त्या धंद्याचा 'प्रिव्हेलिंग वेज', म्हणजे ठरवून दिलेला मजुरीचा दर, द्यावा लागतो, आणि त्याचं दरपत्रक हे कार्यालय दरवर्षी 1 जुलैला काढतं. (एच-1बीच्या कागदावरचा प्रिव्हेलिंग वेज केंद्र सरकारचा, त्याच्याशी गल्लत नको.) दरपत्रकात प्रत्येक कामापुढे दोन आकडे दिसतील: मजुरी, आणि तासागणिक सप्लिमेंटल बेनिफिट. लोक पहिलाच आकडा बघून खूश होतात. दुसराही तुमचाच पैसा आहे, रोख किंवा विमा-पेन्शनच्या रूपाने. शहराच्या कंत्राटावरचे सिक्युरिटी गार्ड आणि सफाईवाले, तसंच करसवलत घेतलेल्या काही मोठ्या इमारतींतले डोअरमन, पोर्टर यांनाही असे दर लागू होतात.

लबाडीच्या तऱ्हा ठरलेल्या. काम वायरिंगचं, मस्टरवर मात्र हेल्पर. दहा तास राबवून आठ मांडायचे. सगळ्यात नीच प्रकार म्हणजे चेक पूर्ण रकमेचा द्यायचा आणि शुक्रवारी मुकादमाने त्यातली रोख परत मागायची. हा सरळसरळ गुन्हा आहे, 'इथे असंच चालतं' म्हणणाऱ्याचं ऐकू नका. रोज वहीत लिहा: तारीख, साइटचा पत्ता, आल्या-गेल्याची वेळ, काय काम केलं, मुकादम कोण. साइटवर लावलेल्या दरपत्रकाचा फोटो काढा, पे-स्टब (पगाराची चिठ्ठी) फेकू नका. काम शहराचं आहे की खासगी हे कळत नसेल, तर 'चेकबुक एनवायसी' या वेबसाइटवर कंत्राटदाराचं नाव टाकून पाहा. शहर कुणाला किती पैसे देतं ते तिथे उघड दिसतं.

कॉम्प्ट्रोलरकडे तक्रार करायला इमिग्रेशनची अट नाही. तरीही एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर परवानगीशिवाय काम केलं असेल, तर व्हिसाचं संकट वेगळं उभं राहतं; आधी वकिलाला गाठा. दावा खरा ठरला तर थकबाकीवर 16 टक्क्यांपर्यंत व्याज मिळू शकतं, आणि पुन्हा पुन्हा जाणूनबुजून पैसे बुडवणाऱ्या कंत्राटदाराला पाच वर्षं सरकारी काम बंद.

शेजारच्या न्यू जर्सीतल्या जर्सी सिटी-एडिसनवाल्यांनो, तुम्ही राहता कुठे ते इथे बघत नाहीत, काम कुठे झालं ते बघतात.

वसूल झालेली मजुरी कामगार सापडत नाही म्हणून पडून राहते, आणि अशांची नावं कॉम्प्ट्रोलरच्या वेबसाइटवर शोधता येतात. जुन्या साइटवर काम केलेल्या प्रत्येकाने एकदा बघाच. आपल्या नावांची इथे वाट लागते, वडिलांचं नाव आडनाव होऊन बसतं, 'व्ही'चा 'डब्ल्यू' होतो. तेव्हा सगळी स्पेलिंग टाकून पाहा.