जिममध्ये कंबर आणि खांदा घालवायचा नसेल तर या चुका टाळा

सांगलीत गेली तेरा वर्षं जिमला जातोय. दरवर्षी ठरलेल्या वेळी गर्दी येते, एक जानेवारीत, एक लग्नसराईच्या आधी आणि एक पोलीस भरती निघाली की. पोरं चांगली असतात, कष्टाला तयार असतात, पहाटे साडेपाचला दारात उभी असतात. आणि त्याच त्या चुका करून त्यातली कितीतरी दोन महिन्यांत कंबर नाहीतर खांदा धरून घरी बसतात. दरवेळी हे बघून जीव तुटतो, म्हणून एकदाच सगळं लिहून काढतोय.

लहान प्लेट लावून जमिनीवरून डेडलिफ्ट

डेडलिफ्ट म्हणजे जमिनीवरचा रॉड उचलून सरळ उभं राहणं, आणि त्यातली ही चूक मला सगळ्यात जास्त खटकते कारण कुणी ती चूक मानतच नाही. सगळे "पाठ सरळ ठेव, पाठ सरळ ठेव" ओरडत असतात, पण पाठ का वाकते हे बघायला कुणी खाली बसत नाही.

स्पर्धेतल्या २० किलोच्या प्लेटचा व्यास ४५ सेंटीमीटर असतो, म्हणजे रॉड जमिनीपासून साडेबावीस सेंटीमीटरवर येतो. डेडलिफ्ट जिथून उचलायची म्हणून शिकवतात ती ही उंची. आता आपल्याकडच्या जिममधली १० ची लोखंडी प्लेट घ्या. आमच्या इथली मी टेप लावून मोजली, २९ सेंटीमीटर भरली. म्हणजे रॉड साडेचौदावर, तब्बल ८ सेंटीमीटर खाली. नवीन पोराच्या मांडीमागच्या शिरा आधीच आखडलेल्या, दिवसभर बाकावर नाहीतर गाडीवर बसलेला, तो त्या ८ सेंटीमीटरसाठी कुठून वाकणार? कंबरेतूनच वाकणार. त्याला कितीही ओरडा, त्याची पाठ गोल होणारच. आणि नवीन पोरगा कमी वजनाने सुरू करतो म्हणून लहान प्लेटा लावतो, म्हणजे ज्याला सगळ्यात सोपी सुरुवात पाहिजे त्यालाच सगळ्यात खालून उचलावं लागतं.

हे मला कळायला स्वतःची कंबर द्यावी लागली. २०१६ चा पावसाळा. त्या आठवड्यात १०० किलोचे पाच रेप्स, म्हणजे सलग पाच वेळा उचलणं, स्वच्छ निघाले होते. शनिवारी शेजारी दोन जुने दादा लोक होते, ते १६० मारत होते, आणि मला १०० लावायची लाज वाटली. २० च्या सगळ्या प्लेटा लेग प्रेसवर अडकलेल्या, मग मी १० च्याच पाच-पाच दोन्हीकडं भरल्या आणि १२० केले. एवढं खालून मी आधी कधी उचललं नव्हतं आणि वजन वर २० किलो जास्त. दोन रेप्स निघाले. तिसऱ्याला कंबरेत डाव्या बाजूला काहीतरी सरकल्यासारखं झालं. दुखलं नाही फार. आणि मी काय केलं, तर रॉड ठेवला, पाणी प्यायलो आणि रोइंगचे चार सेट मारूनच घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी चूळ भरायला बेसिनवर वाकलो तो तसाच राहिलो. उसण भरली असेल म्हणून आईनं शेक दिला, बाम चोळला. चौथ्या दिवसापर्यंत डाव्या पायात पोटरीपर्यंत कळ जायला लागली, शिंक आली की आधी भिंत धरायची आणि मग शिंकायचं. त्या महिन्यात मला मोजे आई घालायची. एमआरआयमध्ये एल-फोर एल-फाइव्हची, म्हणजे कंबरेच्या शेवटच्या दोन मणक्यांमधली गादी बाहेर आलेली. ऑपरेशन लागलं नाही, पण परत जमिनीवरून ६० किलो उचलायला आठ महिने गेले. आठ महिने, एका शनिवारच्या हट्टापायी.

तेव्हापासून माझ्या सवयी ठरलेल्या आहेत. २० च्या प्लेटा मिळाल्या नाहीत तर प्रत्येक बाजूला खाली जाड प्लेटा आडव्या रचतो आणि रॉड त्यावर ठेवतो, किंवा एरोबिक्सचे स्टेपर घेतो, नडगीच्या मध्याजवळ रॉड आला पाहिजे. नवीन कुणी विचारलं तर आधी त्याला रॉडला हातच लावू देत नाही, फरशी पुसायची काठी देतो. काठी पाठीवर उभी धरायची, डोकं, पाठीचा वरचा भाग आणि माकडहाड तिन्ही ठिकाणी टेकली पाहिजे, आणि मग ढुंगण मागे ढकलत वाकायचं. जिथं काठी माकडहाडापासून सुटते तिथं तुमचं वाकणं संपलं, रॉड त्याच्या खाली नको. माझ्या फिजिओनं मला तीन आठवडे फक्त हेच करायला लावलं होतं आणि तेव्हा मला वेळ वाया जातोय असं वाटायचं.

मोबाइल बाटलीला टेकवून बाजूनं व्हिडिओ काढा. समोरून काढलेल्या व्हिडिओत पाठ दिसतच नाही. ज्या रेपला पाठीचा आकार बदलला तिथं सेट संपला, भले ठरवलेले आठ असोत आणि झालेले पाच.

आणि हे नीट वाचा: कंबरेच्या दुखण्याबरोबर पायातली ताकद जातीये असं वाटलं, मांड्यांच्या मधे, बसायच्या जागी बधिर झालं, किंवा लघवी-संडासवरचा ताबा गेला तर बाम, मालिश, हाड बसवणारा असलं काही करत बसू नका, त्याच तासाला हॉस्पिटल गाठा.

वजन वाढवायची घाई

पहिले दीड-दोन महिने वजन झपझप वाढतं. पोराला वाटतं बॉडी बनायला लागली. खरं तर त्यातलं बरंचसं तुमच्या मेंदूनं स्नायूंना नीट कामाला लावायला शिकल्यामुळं असतं. स्नायू त्यामागून येतात, आणि स्नायूला हाडाशी बांधणारे टेंडन त्याच्याही मागून, कारण त्यांना रक्तपुरवठा कमी, ते महिन्यांच्या हिशोबानं मजबूत होतात. म्हणजे तिसऱ्या महिन्यात तुमच्यात रॉड उचलायची ताकद आलेली असते पण कोपर आणि खांदा अजून त्या वजनाला तयार नसतात. बरोबर याच महिन्यात पोरं येऊन सांगतात, दादा कोपर दुखतंय.

आमच्या सांगलीच्या वेटलिफ्टर संकेत सरगरचं उदाहरण मी सगळ्यांना देतो. २०२२ ची बर्मिंगहॅमची राष्ट्रकुल स्पर्धा, ५५ किलो गट. स्नॅचमध्ये (एका दमात डोक्यावर) ११३ आणि क्लीन अँड जर्कमध्ये (आधी खांद्यावर, मग डोक्यावर) पहिल्यांदा १३५ व्यवस्थित गेले, मग १३९ ला उजवं कोपर गेलं. तशाच हातानं तो तिसऱ्या प्रयत्नालाही उभा राहिला, आणि सुवर्ण फक्त एका किलोनं हुकलं. कोच, तंत्र, वर्षानुवर्षांची मेहनत, सगळं असलेल्या माणसाचं कोपर जातं. त्याच्यापुढं देशाचं पदक होतं. तुमच्यापुढं सोमवारच्या संध्याकाळी काय आहे?

बहुतेक जिममध्ये सगळ्यात लहान प्लेट अडीच किलोची, म्हणजे एका उडीत पाच किलो वाढतात. बेंच (आडवं पडून छातीवरून रॉड ढकलणं) आणि शोल्डर प्रेसला ही उडी मोठी पडते. मी सव्वा किलोची स्वतःची जोडी घेतलीये, बॅगेत नॅपकिनमध्ये गुंडाळलेली असते. लोक बघतात. बघू देत. सोबत दोनशे पानी वही, त्यात तारीख, वजन, रेप्स. ठरवलेले सगळे रेप्स दोन वेळा नीट निघाले की मगच वाढवायचं, हा माझा नियम. मोबाइलच्या ॲपमध्ये लिहिलं तरी चालेल पण मग तुम्ही रीलमध्ये घुसता आणि पाच मिनिटं गेली.

जे "तीस दिवसांत" म्हणून कुठला तरी चार्ट घेऊन येतात त्यांना मी स्पष्ट सांगतो, भावा, तीस दिवसांत तू फक्त नीट बसायला आणि उठायला शिक. आणि पावडरीच्या डब्याशेजारी कुणी इंजेक्शनचा विषय काढला तर ती जिमच सोडा.

एकट्यानं बेंच, तेही लॉक लावून

मागच्या थंडीतली गोष्ट. सकाळचे पावणेसहा, जिममध्ये झाडलोट करणाऱ्या मावशी आणि अकरावी-बारावीतला एक पोरगा. मी खाली गाडी लावत होतो. वरून मावशींची हाक आली, "अहो दादा, पळा!" वर गेलो तर पोरगा बेंचवर आडवा, ६० किलोचा रॉड छातीवरून गळ्याच्या दिशेनं सरकलेला, दोन्ही मनगटं थरथरतायत आणि आवाज फुटत नाहीये. मावशी एक टोक धरून उभ्या होत्या. त्यांनी ते धरलं नसतं तर काय झालं असतं याचा विचार मी अजून करतो. रॉड उचलला, पोरगा उठून बसला आणि पहिलं वाक्य काय, "शेवटचा रेप होता, निघाला असता."

त्यानं लॉक, म्हणजे प्लेटा सरकू नयेत म्हणून रॉडला लावतात ते, घट्ट लावले होते कारण कुणीतरी त्याला "सेफ्टीसाठी लॉक लाव" सांगितलेलं. स्क्वॉटला (रॉड खांद्यावर घेऊन बैठक), डेडलिफ्टला बरोबर आहे. पण एकट्यानं बेंच मारताना, साइडला सेफ्टी दांडे नसतील तर लॉक नकोच. अडकलात तर एका बाजूला कलवायचं, तिकडच्या प्लेटा सरकून पडतात, आणि मग दुसरी बाजू जोरात जाते हे आधीच लक्षात ठेवून रॉड घट्ट धरायचा. आवाज होईल, मालक ओरडेल, ओरडू दे. अंगठा रॉडभोवती गुंडाळलेलाच पाहिजे, अंगठा न लावता धरायची फॅशन ज्यांनी काढली त्यांच्यामुळं किती रॉड छातीवर पडले असतील. सगळ्यात बरं म्हणजे स्क्वॉट रॅकमध्ये बेंच सरकवा आणि दांडे छातीच्या किंचित खाली लावा, आडवं पडून रिकाम्या रॉडनं आधी तपासून बघा.

सपोर्टचं पण एक बोलतो. सपोर्ट देणारा "तुझाच आहे, तुझाच आहे" ओरडत पहिल्या रेपपासून रॉड ओढत असतो, आणि पोराला वाटतं ८० निघाले. मग दुसऱ्या दिवशी हा एकटा ८० लावतो. मी सपोर्टला उभा राहिलो तर आधी विचारतो, किती मारणार, आणि हात रॉडच्या खाली ठेवतो पण लावत नाही. रॉड थांबला किंवा खाली जायला लागला तरच धरायचं. माझी काही पोरं यावरून रुसतात.

बाकीच्या, थोडक्यात

रॉड रॅकवर असताना एका बाजूच्या सगळ्या प्लेटा काढू नका. एकीकडं २० च्या दोन राहिल्या आणि दुसरीकडं रिकामं झालं की रॉड उलटतो आणि शेजारच्याच्या तोंडावर जातो. एक इकडची, एक तिकडची, असंच काढायचं.

मानेमागून पुलडाऊन आणि मानेमागून प्रेस, ज्यांचे खांदे मोकळे नाहीत त्यांनी सोडून द्या. पुढून करा, काही कमी पडत नाही.

स्क्वॉटला पळायचे मऊ सोलचे बूट नको. सपाट तळाचे घाला, नाहीतर जिम परवानगी देत असेल तर अनवाणी.

बेल्ट बांधला म्हणून कंबर वाचत नाही. पोटात श्वास भरून पोट बेल्टवर दाबलं तरच तो काम करतो. आणि बीपीचा त्रास असेल तर श्वास कोंडून जड उचलायच्या आधी डॉक्टरांना विचारा.

वॉर्मअप म्हणजे ट्रेडमिलवर मोबाइल बघत चालणं नाही. मी दहा जोर, वीस बैठका, मग रिकामा रॉड, मग निम्मं वजन, मग पाऊण. तालमीतल्या वस्तादांनी अंग गरम केल्याशिवाय पोराला लाल मातीत कधी उतरवलं नाही.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी स्नायूभर दुखणं, जिना उतरताना मांड्या बोलणं, हे ठीक आहे. सांध्यात एका ठिकाणी बोट ठेवून दाखवता येईल असं टोचणारं दुखणं ठीक नाही. त्यावर गोळी खाऊन सेट मारू नका.

गॅपनंतर परत येताना

गणपतीत आठ-दहा दिवस, मग घरात लग्न, मग आजारपण, गॅप सगळ्यांनाच पडतो. अडचण अशी की डोक्यात जुनं वजन पक्कं असतं. मागच्या वर्षी ओळखीतला एक जण चार महिन्यांनी आला आणि पहिल्याच दिवशी मित्रांच्या पैजेवर लेग डे, स्क्वॉट, लेग प्रेस, लंजेस, शेवटी दोनशे बैठका. तिसऱ्या दिवशी मांड्या टम्म सुजलेल्या आणि लघवी कोऱ्या चहासारखी. हा म्हणतोय पाणी कमी प्यायलो असेन. स्नायू इतके तुटले की त्यातला कचरा रक्तात उतरून किडनीवर येतो, त्याला रॅब्डो म्हणतात. चार दिवस सलाइनवर काढले, किडन्या वाचल्या. व्यायामानंतर लघवीचा रंग असा झाला तर घरी लिंबूपाणी पीत थांबायचं नाही, सरळ दवाखाना.

मी तीन आठवड्यांपेक्षा जास्त गॅप पडला की वही काढतो, शेवटच्या तारखेचं वजन बघतो आणि निम्म्यापासून सुरू करतो. पहिला आठवडा प्रत्येक व्यायामाचे दोनच सेट. पायाचं आणखी कमी. शेजारी कोण काय उचलतंय ते दिसतंच, समोर आरसे असतात, म्हणून त्या आठवड्यात मी कोपऱ्यातला, खिडकीकडं तोंड असलेला रॅक घेतो.